डोळे मिटून शिकवणारे सर

सरांना चालता येत होतं आणि बोलताही येत होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करण्याला त्यांनी ध्यान असं नाव दिलं होतं. मेहकरात ते शिकवणारे ते एकटेच होते, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायला दुसरा जाणकार नव्हता.

ते मूळचे धामणगाव बढ्याचे. नोकरीची सगळी वर्षं पुण्यात, एका कंपनीच्या हिशेब खात्यात गेली. निवृत्तीनंतर कुठल्याशा शिबिरात ते काही आठवडे राहिले आणि तिथून परतले ते सर होऊन. त्याआधी त्यांनी कोणाला काही शिकवल्याची नोंद नाही. स्वतःच्या गावी न जाता मेहकरात भाड्याचं घर का घेतलं, असं विचारलं की ते म्हणत, गावी ओळखीचे लोक फार आहेत. हे कारण खरं असावं. धामणगावात त्यांना चड्डीत पाहिलेली माणसं अजून हयात होती, आणि अशा माणसांसमोर सर होता येत नाही.

पद्धतीचं नाव 'सहजचलन'. त्याची पत्रकं पानटपऱ्यांपासून दवाखान्यांपर्यंत सगळीकडे चिकटवलेली होती. 'वय कितीही असो, शरीर कसंही असो, कोणालाही जमतं' एवढं एकच वाक्य त्यांवर मोठ्या अक्षरांत होतं. वाक्य खोटं नव्हतं. काय जमतं, हे त्यात सांगितलेलं नव्हतं.

सरांचे दोन आवाज होते, एक बोलण्याचा आणि एक मार्गदर्शनाचा. मार्गदर्शनाचा आवाज खोल आणि संथ होता. प्रत्येक क्रियापदाआधी तो थांबत असे. सुरुवातीला तो फक्त वर्गात निघायचा. पुढे बोलण्याचा आवाज वापरातून गेला आणि सगळीकडे हाच ऐकू येऊ लागला. भाजीबाजारात ते म्हणत, "भेंडी... हातात घ्या. तिचं वजन... जाणवू द्या. आता... तोला."

"तोलली हो बाबूजी," भाजीवाली म्हणे. "पिशवी धरा अन् सरका पुढं, गिऱ्हाईक खोळंबून राह्यलं."

वर्गासाठी त्यांनी कमरेला एक छोटा स्पीकर बांधला होता आणि तोंडासमोर माइकची दांडी. असाच स्पीकर हातगाडीवर कांदे-बटाटे विकणाऱ्यांकडे असतो. बहुधा दुकानही एकच. वर्गात माणसं मोजकी असत आणि त्यांना कुजबुजलेलंही ऐकू गेलं असतं. पण यंत्राशिवाय आवाज आतून येत नाही, असं सरांचं मत होतं. यंत्र लावल्यावर तो कमरेतून येई.

सकाळी ते जानेफळ रस्त्याच्या कडेनं उलटे चालत. पुढे पाहून चालणारा माणूस भविष्यात अडकतो, असा त्यामागचा विचार. एका सकाळी ते असेच चालत असताना पाठीमागून येणाऱ्या म्हशीवर पाठीनं आदळले. म्हैस उभी राहिली. सर बसले. मग म्हशीमागच्या माणसाकडे वळून त्यांनी विचारलं, "काऊन बे, दिसत नाही का तुले?"

"मले दिसते बाप्पा," तो माणूस म्हणाला. "पाठ तुमची होती."

पुण्यातल्या नोकरीचा सगळा थर त्या एका प्रश्नात गळून पडला होता. तो पुन्हा चढवायला सरांना थोडा वेळ लागला. त्यांनी धोतर झटकावं तसा पांढरा झब्बा झटकला, श्वास घेतला आणि म्हशीकडे पाहून म्हणाले, "ठीक आहे... जाऊ द्या." ही घटना पाहणाऱ्यांमध्ये मी होतो. मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. बातमी दिली नाही. म्हशीला काही झालं नव्हतं.

बातम्या मात्र त्यांना हव्या असत. दर काही दिवसांनी ते कार्यालयात येत आणि वर्गाचा मजकूर फोटोसह ठेवून जात. प्रत्येक फोटोत त्यांचे डोळे मिटलेले. मुख्य कार्यालयातल्या उपसंपादकाला वाटलं, फोटो काढणाऱ्याची चूक आहे. त्यानं निरोप पाठवला, डोळे उघडे असलेला फोटो द्या. मी तो सरांना सांगितला.

"उघड्या डोळ्यांचा फोटो... कोणाचाही निघतो," सर म्हणाले आणि तो फोटो तिथेच टेबलावर ठेवून गेले.

हे सगळं मला बाहेरून माहीत होतं. आत जाण्याची वेळ बहिणीमुळे आली.

माझी थोरली बहीण जानेफळच्या बाजूला एका गावात प्राथमिक शिक्षिका होती. पहिलीचा वर्ग तिच्याकडे. एका सकाळी चहा गाळताना तिच्या हातातली गाळणी पडली आणि तिच्यामागोमाग तीही पडली. अर्धांगवायूचा झटका होता. भाऊजींना शेती सोडून येता येईना, म्हणून उपचारासाठी मी तिला मेहकरला आणलं. तोंड आणि हात काही आठवड्यांत बरेच सावरले. उजवा पाय राहिला. घोट्याखाली तिला काही जाणवत नसे. चार पायांची काठी टेकत, पाय ओढत ती चाले.

रजा काही महिन्यांत संपणार होती. शिक्षण विभागाचं म्हणणं साधं होतं. वैद्यकीय मंडळासमोर तपासणी करून दाखला आणा आणि रुजू व्हा, नाही तर निवृत्ती घ्या.

"निवृत्ती घेऊन काय करू?" ताई म्हणाली. "पहिली अर्धी सोडून आली मी. पोरायले अजून जोडाक्षर येत नाही. मले शाळेत जाचं हाये, भाऊ. बाकी काही बोलू नको."

त्यासाठी पायाचा व्यायाम हवा होता. फिजिओथेरपीच्या खोलीत ती काही दिवस गेली आणि मग जाणं थांबवलं. खोलीचं दार काचेचं होतं आणि ते दवाखान्याच्या मुख्य वाटेवर उघडायचं. तालुक्यातून आलेला प्रत्येक ओळखीचा माणूस काचेला नाक लावून आत पाही. दार ढकलून विचारी, "बाई, कसं हाये आता?" माजी विद्यार्थी, त्यांचे आईबाप, शिक्षकांच्या बायका.

"पायापेक्षा तोंड जास्त दुखून राह्यलं," ती म्हणाली, "सारखं बरं हाये, बरं हाये म्हणून."

व्यायाम घरी करायचे ठरले. घरीही माणसं येत. येणारा खुर्चीवर बसे आणि पायाकडे पाही. ताई तो पाय लुगड्याखाली ओढून घेई. व्यायाम राही. त्याच सुमारास दवाखान्याच्या भिंतीवर तिला सरांचं पत्रक दिसलं. मी तिला स्पष्ट सांगितलं, की हा माणूस म्हशीवर आदळतो. ती म्हणाली, पाहू तं.

वर्ग एका मंगल कार्यालयाच्या सभागृहात भरायचा. व्यासपीठावर वधू-वरांच्या लाल मखमली खुर्च्यांची जोडी कायमची ठेवलेली होती. सर त्यातल्या एकीवर बसत. दुसरी रिकामी राही. आम्ही पोचलो तेव्हा ते आधीच डोळे मिटून बसले होते. त्यांचा नियम होता, वर्ग येण्याआधी डोळे मिटायचे आणि शेवटचा माणूस गेल्यावरच उघडायचे. शिकवणाऱ्यानं पाहिलं तर शिकणारा दाखवू लागतो, हे त्यांचं आवडतं वाक्य. वर्गातल्या सगळ्यांनीही डोळे मिटायचे असत. म्हणजे त्या सभागृहात काय चाललं आहे याला साक्षीदार नव्हता. मी पापण्या किलकिल्या ठेवल्या. व्यवसायाची सवय.

"उजवा पाय... जमिनीपासून... अलग करा," स्पीकर म्हणाला. "उचलणारा कोण आहे... पाहा."

"मीच हाओ सर," मागून आवाज आला. ते निवृत्त एसटी कंडक्टर होते. गुडघ्यांसाठी येत.

"उत्तर द्यायचं नाही. पाहायचं."

"डोळे मिटून कसं पाहू, बाप्पा?"

"आतून पाहा."

"आतून तं गुडघाच दिसून राह्यला."

ताईचे खांदे हलले. झटका आल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती. पण सूचना उजव्या पायाची होती आणि तिचा उजवा पाय जागचा हलत नव्हता. बाकीच्यांचे पाय वर होते. मी तिच्याकडे सरकलो.

"ज्यांना उचलता येत नसेल," सर म्हणाले, "त्यांनी मनानं उचला."

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकमेव कामाचं वाक्य. तिथेच थांबले असते तर बरं होतं. "मनानं उचललेला पाय," त्यांनी पुढे जोडलं, "जास्त उंच जातो."

मग हात पसरणं झालं. त्यानंतर झाड होणं. कंडक्टरांनी बाभूळ व्हायची परवानगी मागितली आणि शेजारच्याला टोचेल म्हणून स्वतःच मागे घेतली. मी नवशिक्या होतो आणि मला काहीच जमलं नाही. डावा पाय उचलल्यावर तोल जाई, आणि श्वासाकडे लक्ष दिलं की श्वास अडे. मध्येच भटारखान्यातून वांग्याच्या भाजीला फोडणी दिल्याचा वास आला. दुपारी कोणाचं तरी लग्न होतं.

"वास येतोय," सर म्हणाले. "येऊ द्या. त्याच्याबरोबर... जाऊ नका."

शेवटी अनुभवकथन. प्रत्येकानं बसल्या जागी काय वाटलं ते सांगायचं. सगळे सांगत, खूप शांत वाटलं. किराणा दुकानवाले शेटजी, जे मांडी घालून बसल्यापासून घोरत होते, त्यांनी आपण स्वतःच्या बाहेर गेलो होतो असं सांगितलं. सर प्रसन्नपणे मान हलवत राहिले. मिटल्या डोळ्यांनी ऐकलेल्या या जबान्यांवर त्यांची सगळी विद्या उभी होती.

परतताना मी ताईला म्हणालो, "पाहिलंस ना? हे सोंग आहे."

"हाव, सोंगच हाये."

"मग उद्या येणार का?"

"येईन. भाऊ, रस्त्यानं चालली का सारं गाव माह्या पायाकडं पाहते. घरी आली का पाहुणे पाहतात. तूही पाहतं. तिथं निरा आंधळा कारभार हाये. कोणीच पाहत नाही. मले तेवढंच पाहिजे."

दुसऱ्या दिवसापासून ती काय करू लागली ते मला किलकिल्या डोळ्यांनी दिसलं. दवाखान्यात फिजिओथेरपी देणाऱ्या मुलीनं शिकवलेले व्यायाम तिच्या लक्षात होते. सर सांगत, झाड व्हा. ताई खुर्चीची पाठ धरून टाच उचले आणि टेके. सर सांगत, वारा व्हा. ताई घोटा फिरवायचा प्रयत्न करी. सर आकाश व्हायला सांगत तेव्हा ती गुडघा वाकवून सरळ करी. व्यायामांत काही अडलं की त्या मुलीला फोन करून विचारी. सहजचलनाच्या त्या तासात ती सहजचलन सोडून सगळं करत होती. इतका बिनचूक वापर सरांच्या वर्गाचा दुसऱ्या कोणी केल्याचं मला माहीत नाही.

सरांचं शास्त्र अडलं ते एका वेगळ्याच जागी. वर्गाचा शेवटचा भाग 'स्वैर चलन' असे. डोळे मिटून सभागृहात वाटेल तसं, हळूहळू चालायचं. पुण्याजवळच्या त्या शिबिरात हा प्रकार फार खोल जात असे, असं सर सांगत. मेहकरात तो सुरुवातीलाच आपटला. डोळे मिटून चालणाऱ्या माणसांचे पाय एकमेकांना लागतात. आणि इथल्या माणसाचा पाय दुसऱ्याला लागला की तो वाकतो, ज्याला लागला त्याला हात लावतो, तो हात कपाळाला नेतो. हे ठरवून होत नाही. शिंक यावी तसं होतं. एक वाकला की त्याच्यावर दुसरा आदळे. मग तो वाके. वाकलेल्याला ज्याचा धक्का लागे तो तिसऱ्याच्या पायावर पाय देई. बांगड्या वाजत. "चुकलं बरं का", "राम राम", "लागलं का हो", असा गलका होई. थोड्या वेळात सगळा वर्ग सभागृहाच्या मध्यभागी एकमेकांच्या पाया पडत असे.

"कोण बोलतंय?" स्पीकर विचारी. "पायाला पाय लागला तर... लागू द्या. पाय... सगळ्यांचे एकच आहेत."

"एकच कसे, सर?" कंडक्टर म्हणत. "माहा शेटजीले लागला. मोठा माणूस हाये."

"राहू द्या हो," शेटजी म्हणत आणि वाकून कंडक्टरांना परत नमस्कार करत, कारण तोवर त्यांचाही लागलेला असे.

सरांनी यावर एक दिवस पूर्ण व्याख्यान दिलं. हे संस्कार नसून सवय आहे, सवय म्हणजे बेहोशी आहे, आणि नमस्कार बंद केल्याशिवाय चलन सहज होणार नाही, असा त्याचा सारांश. सगळ्यांना पटलं. पटल्यावर सगळे उठले, डोळे मिटून चालू लागले आणि पहिल्या धक्क्याला पुन्हा वाकले. सरांना ते दिसत नव्हतं. त्यांनी गलका तेवढा बंद करायला सांगितला होता, म्हणून लोक आता न बोलता वाकत. शांतता ऐकून सर म्हणाले, "आता... जमतंय."

या सगळ्यात ताईचा पाय सर्वांत जास्त लागायचा. तो ओढत चाले आणि समोर काय आलं हे तिला कळत नसे. ज्याला लागे तो म्हणे, "राहू द्या बाई, तुमची तब्येत नाही." ती ऐकत नसे.

"काऊन राहू देऊ? पाय माहा लागला."

सुरुवातीला काठीवर भार देऊन ती अर्धवट वाकायची आणि हात समोरच्याच्या मांडीपर्यंत पोचायचा. तोच कपाळाला. पुढे गुडघ्यापर्यंत पोचू लागला. लोक तिच्यासाठी थांबू लागले. डोळे मिटलेलेच, पण ती खाली जाऊन परत वर येईपर्यंत कोणी हलत नसे. थंडी संपता संपता तिचा हात नडगीवर आला. शेटजी तिच्यासाठी पाय जरा वर उचलून धरू लागले. तेव्हा ती रागावली. "खाली ठेवा पाय. मी येईन तिथलोक."

सरांना या भानगडीतलं ऐकू यायची ती फक्त काठी. तिला चार रबरी बुचं होती, त्यातलं एक झिजलं होतं आणि फरशीवर टकटक वाजायचं.

"ही टकटक कोणाची?" त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"माही, सर. काठी हाये."

"काठी म्हणजे... शरीरावरचा अविश्वास. उद्यापासून बाहेर ठेवा."

मी बोलणार होतो. ताई आधी बोलली. "डॉक्टर सांगतीन तवा ठेवीन, सर."

"बघा," सर वर्गाला म्हणाले, "भीती कशी बोलते." तेव्हापासून ते तिला काठीवाल्या बाई म्हणू लागले. अनुभवकथनात तिच्या पाळीला तिनं काहीही सांगितलं तरी ते म्हणत, "काठी सुटली की... पुढचं बोलू."

पाय कोणता, झटका कधी आला, दवाखाना चालू आहे का, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. मात्र एकदा ते दैनिकाच्या कार्यालयात मजकूर घेऊन आले. त्याचा मथळा होता, सहजचलनाने पक्षाघातावर मात. आमच्याकडे एक बाई येतात, ते म्हणाले. सुरुवातीला उभं राहता येत नव्हतं.

"नाव काय त्यांचं?" मी विचारलं.

"नावात... आपण अडकत नाही."

"गाव?"

सर हसले. बिननावाच्या रुग्णाची बातमी छापता येत नाही, असं सांगून मी कागद परत केला. ती बाई रोज माझ्याबरोबर येते आणि माझी बहीण आहे, हे सांगितलं नाही. तो माझा मजकूर नव्हता. त्या संध्याकाळी मात्र मी सरांवर लिहायला बसलो. म्हशीपासून पक्षाघातापर्यंत सगळं, तारीखवार. ताईनं ते वाचलं.

"खरं हाये सारं," ती म्हणाली. "पण छापू नको."

"का? लोक औषधं सोडतील याच्या नादानं."

"तसं कोणी सोडलं तं मीच सांगीन तुले, मग छाप. आता छापलं तं वर्ग बंद होईन. तपासणी पुढच्या महिन्यात हाये. मी कुठी जाऊ? त्या काचेच्या दारात?"

मी छापलं नाही. दोन दिवस आमचं बोलणं कमी झालं, एवढंच.

दरम्यान दवाखान्यातल्या मुलीनं ताईला तपासून थोडं अंतर काठीशिवाय चालायला परवानगी दिली. पायात घोट्याला आधार देणारा पट्टा होता. ताई काठी चपलांच्या रांगेजवळ भिंतीला टेकवून आत येऊ लागली. चाल हळू होती आणि उजवीकडे झोक होता, पण फरशीवर आवाज नव्हता.

काही दिवस सर काही बोलले नाहीत; अनुभवकथनात ती आता इतरांसारखं 'खूप शांत वाटलं' एवढंच पुटपुटे. मग एका सकाळी स्वैर चलन संपल्यावर त्यांनी स्पीकरचा आवाज वाढवला.

"काठीवाल्या बाई," ते म्हणाले, "आपल्याला... सोडून गेल्या."

 ताई पहिल्या रांगेत, त्यांच्या खुर्चीपासून दोन हातांवर उभी होती.

"मी त्यांना सांगितलं होतं. अविश्वास असला की धीर सुटतो. किती जवळ आल्या होत्या. त्या टिकल्या असत्या... तर आज काठीशिवाय उभ्या असत्या."

आता सगळ्यांचे डोळे उघडे होते. सरांचे सोडून. शेटजींनी उपरण्याचा बोळा तोंडात धरला होता. कंडक्टर खोकू लागले. ताईनं एकेकाकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"त्यांच्यासाठी," सर म्हणाले, "क्षणभर शांत राहू." राहिलो. ताईही राहिली, मान खाली घालून.

तपासणी बुलढाण्याला झाली. मी खोलीच्या दाराशी होतो. टेबलामागे डॉक्टर बसले होते आणि त्यातले एक वयस्कर, चिडके वाटणारे, प्रश्न विचारत होते. त्यांनी ताईला खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. वळायला लावलं. एका पायावर उभं राहायला सांगितलं. डावा जमला, उजव्यावर ती लगेच भिंतीला टेकली. डॉक्टरांनी काही लिहिलं. मग खिशातलं पेन काढून तिच्या पायाजवळ टाकलं.

"उचला."

पाच-सहा महिन्यांपूर्वी हा प्रश्न तिथेच संपला असता. ताईनं डावा पाय किंचित पुढे घेतला, कमरेतून वाकली आणि सरळ जमिनीपर्यंत गेली. पेन उचललं. वर आली. पेन टेबलावर ठेवलं आणि तोच हात कपाळाला लावला.

"हे काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"नमस्कार हाये, साहेब."

"पेनाला पाय लागला होता का तुमचा?"

"लागला असन. मले समजत नाही नं खाली काही. म्हणून मी दर खेपेले करतो."

डॉक्टरांनी तिच्या पायाकडे पाहिलं. मग शेजारच्या डॉक्टरांकडे. "संवेदना नाही," त्यांनी लिहिता लिहिता सांगितलं, "पण वाकणं चांगलं आहे. वर्ग घेता येईल. जिने नको." बाहेर आल्यावर ताई बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावून बराच वेळ रडली. समोरून जाणारे लोक पाहत होते. तिनं पाहू दिलं.

बरं होण्यात गोळ्यांचा वाटा किती, दवाखान्यातल्या मुलीचा किती, तिचा स्वतःचा किती, हे मला सांगता येणार नाही. सरांचा वाटा मात्र सांगता येतो. त्यांनी पाहिलं नाही. हे त्यांचं कर्तृत्व नव्हतं. दुसऱ्याकडे पाहण्याची त्यांना कधी गरजच वाटली नव्हती.

तरीही ताईनं पेढे घेतले. "सरले देऊन येऊ," ती म्हणाली. मी म्हणालो, कशाबद्दल? "सभागृह त्यायचं होतं."

ते त्यांचं नव्हतं, मंगल कार्यालयाच्या मालकाचं होतं. पण मी गेलो. वर्ग सुटून गेला होता आणि सर कार्यालयाच्या फाटकात उभे होते. स्पीकर कमरेला, दांडी हनुवटीखाली सरकवलेली. डोळे उघडे. एवढ्या काळात त्या दोघांची समोरासमोर, उघड्या डोळ्यांनी ही पहिली भेट होती. ताईजवळ काठी नव्हती.

"पेढे घ्या, सर," ती म्हणाली. "सोमवारी शाळेत रुजू होऊन राह्यली मी."

सरांनी पेढा घेतला. तिच्या तोंडाकडे सौजन्यानं पाहिलं. ओळख कुठे दिसली नाही.

"अभिनंदन. आपण... शिक्षिका का?"

"हाव."

"मग वर्गाला या. पहिल्यांदा असलं तरी हरकत नाही. सुरुवात... कोणालाही करता येते." पेढा तोंडात गेला तरी आवाज मार्गदर्शनाचाच होता. "फक्त टिकायला हवं. आमच्याकडे एक काठीवाल्या बाई होत्या. त्यांना अजूनही चालता येत नसेल. धीर... सुटला त्यांचा. तुमचं तसं होऊ देऊ नका."

माझ्याकडे इतक्या महिन्यांचं साचलेलं होतं, आणि ते सगळं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात ताईनं आपला डावा, चांगला पाय माझ्या बुटावर ठेवला आणि जोरात दाबला. 

"नाही होऊ देत, सर," ती म्हणाली.

मग पाय लागला म्हणून ती वाकली, पार खाली, माझ्या बुटाला हात लावला आणि तो कपाळाला नेला. सरांनी तिला आपल्यासमोर वाकताना पाहिलं. त्यांनी पेढ्याचा हात झब्ब्याला पुसला, आशीर्वादासाठी वर केला आणि डोळे मिटले.